सोमवारच्या चादरी

फ्लोरेस बेटाच्या पश्चिम कड्यावर
जिथं बसून माझा बाप देवमासे हेरायचा
त्याच दगडी खोपटाच्या माथ्यावर आता माझा अँटेना आहे.
पांढरा. उपड्या वाडग्याएवढा.
त्याचं काम एकच : जागचं हलायचं नाही,
आणि उपग्रह जे सांगतात त्यात चूक किती
ते दर सेकंदाला जगाला कळवायचं.

आपण कुठं आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक
त्यालाच आभाळाची चूक काढता येते.
पक्कं म्हणजे तरी काय,
बेटही सरकतंच आहे पश्चिमेला
नखं वाढतात त्या वेगानं.
तेही कळवतो.

सुरुवातीला आम्ही सातजण होतो.
नारिनच्या डोंगरातली जिल्दिझ, जिच्या नावाचाच अर्थ तारा,
कोकिम्बोचा एलेउतेरियो,
आणि आइसलँडची थोरगेर्दुर,
जिला सगळ्यांची नावं नीट घेता येत
आणि जिचं आम्हां कुणालाच घेता येत नसे.
पैसा नव्हता. करार एका पानाचा :
ज्याच्याकडं जे आहे ते त्यानं द्यावं,
त्याच क्षणी, हातचं न राखता.
शिळी चूक कुणाच्या कामाची?

बंदराच्या कप्तानानं नऊ महिने सही दिली नाही.
"आपली जागा परक्यांना का सांगायची?"
म्हटलं, साहेब, बेट नकाशात आहे.
"सेंटिमीटरपर्यंत नाही," तो म्हणाला.
शेवटी तो रजेवर गेला आणि सही झाली.

बाप म्हणाला, "फुकट देतेस?"

त्याच्या काळी फवारा दिसला की रॉकेट उडवायचं,
मग कड्यावर पांढरी चादर अंथरायची.
चादरीचं टोक जिकडं, होड्या तिकडं.
पण आपल्या कंपनीच्या.
दुसरीच्या होड्या पाण्यात असल्या
की चादरीची घडी.
एकदा धुक्याची भिंत समुद्रावरून येत होती,
अजून पोचली नव्हती.
देओदातोची होडी, सहा माणसं,
थेट तिच्याकडंच वल्ही मारत निघालेली.
बापाला वरून सगळं दिसत होतं.
चादर काखेत होती.

एवढं सांगून तो नेहमी बटाटे सोलायला घेतो.

मार्चमध्ये जिल्दिझनं विचारलं :
दर सोमवारी, तुझ्याकडच्या नऊपासून दुपारपर्यंत
पश्चिमेचे खालचे उपग्रह मंद पडतात.
बर्फ आहे का? की झाड वाढलंय?
आमच्याकडं बर्फ नाही. झाड वाऱ्यानं वाढू दिलेलं नाही.
सोमवारी वर गेले तर
अँटेनापलीकडं बापानं दोरी बांधलेली
आणि तिच्यावर चार ओल्या चादरी,
वाऱ्यानं फुगलेल्या.
आभाळातून येणारं त्यांच्यात अडकत होतं.

मी त्याला सांगितलं,
तिकडं आशियातल्या डोंगरात
एका बाईला तुझ्या चादरी दिसतात.
तो हसला नाही.
"किती आहेत, तेही दिसतं?"
नाही. काहीतरी पसरलंय एवढंच.
त्यानं मान हलवली
आणि दोरी सोडून घरामागं नेऊन बांधली.

पुढं एलेउतेरियोचा खांब भूकंपात दोन वीत सरकला.
तो स्वतः टेबलाखाली होता,
आणि आम्हां सहाजणांना ते त्याच्याआधी कळलं.
चौथ्या दिवशी त्याची ओळ आली :
"भिंत पडली. बाकी ठीक. जुना पत्ता खोडा."

ऑक्टोबरात, एका गुरुवारी, जिल्दिझचा निरोप :
आज सोमवार नाही.
तरी तुझ्या पश्चिमेला काहीतरी आहे.
आकडे खराब येताहेत. तेवढा तुकडा काढून टाकू?

मी जिना चढून वर गेले.
बाप कड्याच्या टोकाला उभा होता.
चादर कोरडी ठक्क, दोन्ही हातांनी वर धरलेली,
अँटेनाला पाठ करून.
खाली समुद्रात एकही होडी नव्हती.
हात थरथरत होते, ते वाऱ्यानं की वयानं
मी विचारलं नाही. किती वेळ उभा आहे, तेही.

खाली आले. जिल्दिझला लिहिलं :
राहू दे.